मुगाचे लांब, जाड मोड येत नाहीयेत, मदत हवी आहे

फडक्यात बांधून येणारे छोटे मोड मला व्यवस्थित जमतात, प्रश्न त्याचा नाहीये. मला ४-५ सेंमी लांब, पांढरे, जाडसर मोड हवेत आणि तिथेच गाडी अडते.

अख्खे हिरवे मूग घेते, गणंग आणि फुटके दाणे काढून टाकते, ८-१० तास भिजवते आणि मग भोकं असलेल्या चाळणीत ओलं फडकं घालून पसरते, वर झाकण, आत पूर्ण अंधार. सकाळ-संध्याकाळ पाणी घालून निथळून घेते. दोन दिवस सगळं मस्त चालतं, तिसऱ्या दिवशी मोड लांबतात पण दोऱ्यासारखे बारीक, मुळांना तंतू फुटतात आणि मधल्या थराला चिकट होऊन आंबूस वास यायला लागतो. एकदा वर ताटली आणि त्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवून बघितली, मोड जरा जाड झाले पण खालचे कुजले. बरणीतही केले, तिथे तर गुंताच झाला नुसता.

मूग जुने नाहीत, जवळजवळ सगळे फुटतात. स्वयंपाकघरात ३० अंशाच्या आसपास तापमान असतं, फ्रिजमध्ये ठेवलं की वाढच थांबते. दिवसभर बाहेर असते त्यामुळे दर तीन-चार तासांनी पाणी घालणं शक्य नाही. (वासाचे मोड टाकूनच देते, शिजवून खायचा सल्ला नको प्लीज!)

तर वजन नेमकं कितव्या दिवसापासून आणि किती ठेवायचं, थर किती जाड चालतो, आणि दिवसातून तीनदाच पाणी घालून हे जमतं का कोणाला?