कॅम्परव्हॅनच्या प्रवासात कोणते छंद जोपासावेत?

प्रश्न: निवृत्तीनंतर आम्ही उभयता पुण्याहून कॅम्परव्हॅनने निघणार आहोत. फारशी जागा न अडवता आणि गाडीच्या बॅटरीवर भार न टाकता मुक्कामी मन रमेल, असे कोणते छंद आपण सुचवाल?

प्रतिसाद १: पक्षिनिरीक्षणाइतका सोयीचा छंद मला तरी दुसरा दिसत नाही, कारण त्याला दुर्बीण आणि वही एवढेच पुरते. सोलापूर रस्त्यावरील भिगवणला हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. उथळ पाण्यात मान खाली घालून, उलट्या धरलेल्या चोचीने ते अन्न कसे गाळून घेतात, हे सकाळी निवांत पाहत बसावे. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाची) घ्यावी. त्याहून अधिक शक्तीची हातात स्थिर धरणे अधिक अवघड जाते.

प्रतिसाद २: जलरंग अवश्य न्या. पावसाळ्यात मात्र कागद लवकर वाळत नाही, तेव्हा पेन्सिलच बरी.

प्रतिसाद ३: अमावास्येच्या आसपास शहरापासून दूर मुक्काम असेल, तर आकाशदर्शनासारखे सुख नाही. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात, म्हणून गाडीतले दिवे आधीच मालवावेत आणि नकाशा पाहण्यासाठी विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावावा.