मदत हवी आहे: झोजिला 1948 च्या पटावर रणगाड्यांचे नियम

पहिल्या भारत-पाक युद्धातली, 1 नोव्हेंबर 1948 ची झोजिला खिंडीची लढाई षटकोनी घरांच्या पटावर, युद्धखेळ म्हणून मांडतोय. एक घर 200 मीटर, एक डाव अर्धा तास. अडचण अशी की भारताच्या 7 कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे हलके स्टुअर्ट रणगाडे खिंडीत शिरले की दुसऱ्याच डावात बंकर कोसळतात आणि 77 पॅरा ब्रिगेडच्या पायदळाला कामच उरत नाही. हे पटत नाही.

स्टुअर्टची 37 मिमी तोफ साधारण 20 अंशच वर उचलते. म्हणजे वाटेपासून 150 मीटर उंचीवरचा बंकर 400 मीटरच्या आत आला की तिच्या टप्प्यात येत नाही. म्हणून 'दोन घरांच्या आत मारा नाही' असं ठरवलं, तर उलटंच होतं: रणगाडेच अडतात. मद्रास सॅपर्सनी (लष्कराच्या अभियंता दलाने) रुंद केलेली खेचरांची वाट पटावर एकपदरी आहे. पुढचा रणगाडा निकामी झाला की मागची रांग तिथेच अडकते. मागच्याने थांबून पुढच्याला माऱ्याचं संरक्षण द्यायचं, हा नियम सुटसुटीत कसा लिहावा?

दुसरं, अचानकपणा. रणगाडे बुरुज (वरचा तोफेचा फिरता भाग) काढून गुपचूप खिंडीच्या पायथ्याशी बालतालला आणले होते. शत्रूला कल्पनाच नव्हती. पहिले दोन डाव बंकरच्या फाशातून 2 वजा करतो, पण समोरच्या खेळाडूला इतिहास ठाऊक असतोच. तो बंकर आधीच मागे घेतो. यावर कुणी उपाय काढलाय का?