प्रोटॉनसाठी कर्ज काढायच्या आधी

तुमच्या आईच्या डाव्या स्तनाचा कॅन्सर आहे, ऑपरेशन झालंय, आता कर्ज काढून प्रोटॉन, म्हणजे प्रोटॉन कणांचं रेडिएशन, घ्यायचंच का असं तुम्ही विचारलंय. प्रोटॉन ट्यूमरपाशी थांबतात, पुढे जवळजवळ जातच नाहीत, म्हणून लहान मुलं, मेंदूचा तळ असल्या केसेसमधे त्याचा खरा फायदा, खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात ती सोय आहे. पण स्तनासाठी बहुतेकदा साधं लिनॅक (एक्स-रे किरणांनी रेडिएशन देणारं नेहमीचं मशीन) पुरतं, डावी बाजू असेल तर खोल श्वास रोखून धरायला लावून शेक (रेडिएशन) देतात, छाती फुगते नि हृदय किरणांपासून लांब जातं, हे तुमच्या सेंटरला होतं का ते आधी विचारा. पूर्वी ५० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप) २५ शेकांत द्यायचे, आता बऱ्याच जणींना ४० ग्रे १५ मधे देतात, गावाहून येणाऱ्यांचे दोन आठवडे वाचतात हो! आईंना १५ चालतील का हे रेडिएशनवाल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.