संतमस : न पाहिलेल्या ग्रहाबद्दल किती छातीठोक बोलायचं?

होटगी_रोड (धागाकर्ता)
रविवारी इथे सोलापुरातल्याच एका व्याख्यानाला पोरीला घेऊन गेलो होतो. पडद्यावर 'संतमस' आला, दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. गुळगुळीत गोळा, तपकिरी पट्टे, एका कडेला लालसर चमक. खाली आकडे : वस्तुमान गुरूच्या दीडपट, वर्ष २.१४ दिवसांचं, वातावरण ढगाळ. पोरीनं विचारलं, "हा फोटो कुणी काढला?" वक्ते म्हणाले, "मोठ्या दुर्बिणीतून आलाय." साफ खोटं. या ग्रहाचा फोटोच नाही. २००६ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीनं पाहिला तो त्याचा तारा, एचडी ८६०८१. तो मागेपुढे हलतोय एवढंच दिसलं. माझं म्हणणं : हलणं सांगा, पट्टे रंगवू नका. आणि 'दीडपट' म्हणताना 'किमान' हा शब्द गिळू नका.

उत्तर_कसबा
काय बे, 'एवढंच दिसलं' म्हणे! गड्ड्याच्या यात्रेत गर्दीच्या मागे उभं राहून बघ. नंदीध्वजाची उंच काठी धरणारा दिसत नाही, पण काठीचा शेंडा कलला की कळतं खाली कोण जोर लावालाय. तसाच ग्रहाच्या ओढीनं तारा सेकंदाला साधारण २०० मीटरनं आपल्याकडे येतो, मग तितकाच लांब जातो, आणि दर २.१४ दिवसांनी हे तंतोतंत पुन्हा. वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या ताऱ्याच्या प्रकाशातल्या, रेषा निळ्याकडे, मग तांबड्याकडे सरकतात. भूत नाही नाचत तिथं.

होटगी_रोड
काठी आवडली. पण मी सरळ समोर उभा असलो तर काठी डावी-उजवीकडे झुकलेली दिसेल, माझ्याकडे झुकलेली कळणार नाही.

मघा_नक्षत्र
ताऱ्याच्या बाबतीत उलट आहे. आपल्याकडचं-आपल्यापासूनचं हलणं मोजता येतं, आडवं हुकतं. कक्षा आपल्या बाजूनं किती तिरकी आहे ते माहीत नसल्यानं हाताशी राहतं ते किमान वस्तुमान. म्हणजे 'किमान'बाबत होटगी_रोड बरोबर. त्यात हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसलेला नाही. तो गेला असता तर ताऱ्याचा प्रकाश थोडा मंदावला असता आणि ग्रहाचा व्यास कळला असता. व्यास नाही, म्हणून घनताही नाही. वायूचा गोळा हे आपण वस्तुमानावरून म्हणतो.

उत्तर_कसबा
मग काय, दगडाचा आहे म्हणायचा? गुरूच्या दीडपट दगड आणणार कुठून?

मघा_नक्षत्र
नाही, वायूचाच असणार. या वस्तुमानाचे जे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना सापडले, त्यांचे व्यास गुरूएवढे किंवा जास्तच निघाले. पण हे 'असणार' आहे, 'मोजलं' नाही. आमच्या शिक्षकांनी या दोन शब्दांवरून वही फेकली होती एकदा.

शेंगाचटणी
तापमान सांगा, आम्हाला मे महिन्याशी तुलना करायचीय.

मघा_नक्षत्र
बुध सूर्यापासून जितका लांब, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर हा फिरतो आणि त्याचा तारा सूर्यापेक्षा थोडा तापटच. हिशोब १००० अंशांच्या वर जातो. हिशोब हं, तापमापक नाही.

शेंगाचटणी
म्हणजे आपलं ४४ तिथं थंड हवेचं ठिकाण.

अक्षता
नावावर कुणी बोलेना. २०१९ मध्ये जगभरच्या देशांना एकेका ताऱ्याचं आणि त्याच्या ग्रहाचं नाव ठेवायला मिळालं, भारताच्या वाट्याला हा आला. ताऱ्याला बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचं नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलानं सुचवलेलं. (पुणेच. आपण झोपलो होतो.) नावामागचा अर्थ 'ढगाळ' असा दिलाय, पण अमरकोशात संतमस म्हणजे चहूकडे पसरलेला अंधार. इतक्या जवळून फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता दाट, मग चहूकडे अंधार कसा?

उत्तर_कसबा
मागच्या बाजूला आहे की! पोराला नावं ठेवू नका. ढग मोजले नाहीत म्हणून नावही ठेवायचं नाही का? आपण चंद्रावर ससा बघतोच.

होटगी_रोड
नावावर राग नाहीच. नाव सुंदर आहे. राग 'दुर्बिणीतून आलाय' यावर. पोरगी नऊ वर्षांची आहे, 'चित्रकारानं अंदाजानं काढलंय' हे वाक्य तिला पेललं असतं. उलट तिला ते जास्त आवडलं असतं, ती स्वतः रंगवत बसली असती.

अक्षता
हे मान्य. बिभा ३४० प्रकाशवर्षांवर, म्हणजे आज दिसतो तो प्रकाश निघाला तेव्हा इकडे संभाजी महाराजांचा काळ. असल्या गोष्टी सांगायला खोटा फोटो कशाला लागतो?

उत्तर_कसबा
मला नाही मान्य. चित्र नसतं तर अर्धी माणसं भेळ खायला उठली असती, मी धरून.

होटगी_रोड
चित्र दाखवा की. कोपऱ्यात 'काल्पनिक' लिहा.

शेंगाचटणी
बिभा दिसतो का इथून?

मघा_नक्षत्र
नुसत्या डोळ्यांना नाही. एप्रिलच्या रात्री मघा तारा धरा, त्याच्या दक्षिणेला षष्ठांश नावाचा रिकामा वाटणारा पट्टा आहे, त्यात. द्विनेत्री आणि तारानकाशा असेल तर बारीक ठिपका सापडेल. शहराच्या उजेडात नको, अक्कलकोटच्या रस्त्याला जरा पुढे जा.

होटगी_रोड
येत्या अमावास्येला पोरीला घेऊन निघतो. उत्तर_कसबा, येणार का? भेळ माझ्याकडून.