पाणलोट बदलला की मॉडेल का गडबडतं?

ओहोळ: सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या प्रतिमांवरून डोंगराळ पाणलोटातली छोटी तळी आणि बंधारे शोधतोय. रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून ठरवणारं मशीन लर्निंग मॉडेल) वापरलंय. चाचणीत निकाल उत्तम, पण तेच मॉडेल शेजारच्या पाणलोटावर चालवलं की डोंगराच्या सावल्यांना पाणी म्हणतं. नमुने वाढवू की डीप लर्निंगकडे वळू?

पाणवाट: दोन्ही नंतर. आधी चाचणी कशी घेतली ते सांगा. सगळे पिक्सेल एकत्र करून त्यातले काही चिठ्ठ्या टाकून बाजूला काढले असतील, तर एका तळ्याचा एक पिक्सेल शिकवणीत गेला आणि त्याला चिकटलेला, जेमतेम १० मीटरवरचा, परीक्षेत आला. ही पेपर फुटलेली परीक्षा आहे. बाजूला ठेवायचा तो अख्खा पाणलोट. तोही जमलं तर जलविभाजक, म्हणजे दोन पाणलोट वेगळे करणारी डोंगरधार, ओलांडून पलीकडचा. एकाच ओढ्यावरचे वरचा आणि खालचा हे दोन तुकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

सावल्यांचं म्हणाल तर प्रत्येक दृश्याच्या मेटाडेटात (प्रतिमेसोबत येणाऱ्या माहितीत) सूर्याची दिशा आणि उंची दिलेली असते. उंचीच्या मॉडेलवरून, म्हणजे जागोजागच्या जमिनीची उंची दाखवणाऱ्या नकाशावरून, सावली कुठे पडेल ते थेट काढता येतं. जे भूमितीने कळतं ते मॉडेलला अंदाजाने का शिकवायचं? शिवाय उतार आणि जवळच्या ओढ्यापासूनची उंची हे दोन थरही द्या. तीव्र उतारावर पाणी साचत नाही, एवढं तरी त्याला कळू दे.

रानवारा: आणि पावसाळ्यात ढगच असतील तर? मी सेंटिनेल-१ चं रडार वापरते.

पाणवाट: जरूर वापरा, रडार ढगांतून आरपार बघतं. शांत पाणी त्यात काळं दिसतं. वाऱ्याने पृष्ठभाग हलला की उजळतं, तिथे चुकायला होतं. डोंगराआड रडारचीही सावली पडते. पण ती उपग्रह ज्या बाजूने बघतो त्यावर ठरते, सूर्यावर नाही. म्हणून दोन्ही प्रतिमांत काळी दिसणारी जागा पाणी असण्याची शक्यता बरीच वाढते.

ओहोळ: अख्खे पाणलोट बाजूला ठेवले तर शिकवायला उरतं काय?

पाणवाट: आळीपाळीने ठेवा. प्रत्येक फेरीत वेगळे पाणलोट बाहेर. २०१९ मध्ये क्राट्झर्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५३१ पाणलोटांवर हेच केलं. एलएसटीएमला (क्रमाने येणाऱ्या नोंदींवरून शिकणारं एक डीप लर्निंग मॉडेल) काही पाणलोटांची प्रवाहाची नोंद दाखवलीच नाही आणि तिथलाच प्रवाह सांगायला लावला. त्या अनोळखी पाणलोटांतही, मध्यक बघितला तर, ते स्थानिक नोंदींवर जुळवलेल्या पारंपरिक मॉडेलपेक्षा सरस ठरलं. मॉडेल शिकलं की पाठ केलं, हे अशाच परीक्षेत कळतं.

मी हे इतकं लावून धरते कारण अशा नकाशांवरून पुढे कोणी बंधाऱ्याची जागा ठरवतं. कागदावरच्या अचूकतेने तिथे पाणी अडत नाही.

ओहोळ: पाणलोटाच्या सीमा एसआरटीएमवरून, म्हणजे अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या मॉडेलवरून, काढल्यात. चालेल?

पाणवाट: डोंगरात बहुतेक चालतील. पण ती मोजणी फेब्रुवारी २००० ची आहे, नंतरचे बांध आणि खाणी त्यात नाहीत. दाट झाडीत ती जमिनीपेक्षा वरची उंची धरते, मग ओढा सरकलेला दिसतो. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचं ३० मीटरचं उंचीचं मॉडेल २०११ ते २०१५ च्या मोजणीवरचं आहे. झाडीची अडचण त्यातही आहे. दोन्हींवरून सीमा काढा आणि जिथे जुळत नाहीत तिथले पिक्सेल सध्या शिकवणीतून वगळा.