हिपॅटायटिस सीचा विषाणू यकृताबाहेरही वाढतो का?

प्रश्न:
हिपॅटायटिस सीच्या रुग्णांच्या रक्तातील लसिकापेशींमध्येही (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींमध्येही) या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय रेणू, सापडतो, असे सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासात माझ्या वाचनात आले. एवढ्यावरून विषाणू त्या पेशींत वाढतो असे म्हणता येईल का? नुसते अस्तित्व आणि प्रत्यक्ष वाढ यांतला फरक प्रयोगशाळेत कसा ओळखतात?

प्रतिसाद १:
नाही, तसे म्हणता येणार नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक लाख कोटी विषाणू तयार होतात, त्यामुळे रक्तातल्या कोणत्याही पेशीला ते बाहेरून चिकटलेले असू शकतात. विषाणूचा आरएनए, म्हणजे सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा (साखळीतील घटकांचा) धन धागा, आपली प्रत काढताना आधी ऋण धागा, म्हणजे स्वतःला पूरक असा धागा, बनवतो. म्हणून वाढीचा पुरावा हवा असेल तर ऋण धागा शोधावा लागतो. मात्र खरी फसगत इथेच होते. चाचणीसाठी नेहमीच्या तापमानाला आरएनएपासून डीएनए बनवताना प्रायमर (प्रत सुरू करून देणारा छोटा तुकडा) चुकीच्या धाग्याला चिकटतो किंवा आरएनए स्वतःवरच दुमडतो, आणि नसलेला ऋण धागा असल्यासारखा दिसतो. म्हणून उच्च तापमानाला काम करणारे विकर (एन्झाइम) वापरतात. शिवाय, कृत्रिमरीत्या बनवलेला शुद्ध धन धागा मुद्दाम भरपूर घालूनही चाचणी नकारात्मक येते, हे दाखवल्याखेरीज अशा निष्कर्षावर मी विश्वास ठेवणार नाही.

प्रतिसाद २:
वरील मुद्द्याला एक जोड द्यावीशी वाटते. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी लागणारे सीडी८१ हे प्रथिन लसिकापेशींवरही असते, त्यामुळे केवळ त्याच्या आधारे यकृताची निवड स्पष्ट होत नाही. यकृतपेशींत मात्र मायआर-१२२ हा छोटा आरएनए विपुल असतो, आणि तो विषाणूच्या आरएनएला चिकटून त्याला टिकवतो व वाढू देतो, हे २००५ पासून ज्ञात आहे. प्रत्यक्ष प्रती पेशीद्रव्यात, आंतर्द्रव्यजालिकेपासून (पेशीतील पटलांच्या एका रचनेपासून) बनलेल्या पटलांच्या जाळ्यात तयार होतात. यकृत प्रत्यारोपणात जुने यकृत काढताच रक्तातील विषाणू झपाट्याने घटतात आणि नव्या यकृताला संसर्ग झाला की पुन्हा वाढतात. मुख्य उगम यकृतच आहे, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. मग या आजारात क्रायोग्लोब्युलिनेमियासारखे (रक्तात थंडीने साकळणारी प्रथिने तयार होण्यासारखे) लसिकापेशींचे विकार का होतात?

प्रतिसाद १:
त्यासाठी विषाणू त्या पेशींत वाढलाच पाहिजे असे नाही. विषाणूच्या प्रथिनांचा मारा वर्षानुवर्षे चालू राहिला, तर बी-लसिकापेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या लसिकापेशी) सतत चेतवल्या जाऊन अमर्याद वाढू शकतात. विषाणूरोधक औषधांनी रक्तातील विषाणू नाहीसा झाल्यावर अनेक रुग्णांत हे विकारही ओसरतात.