तातडीने मदत हवी: एल्कला बाण लागलाय, रक्ताचा माग तुटला. आत्ता शोधू की सकाळी?

धनुर्वेडा
मंडळी, घाईत लिहितोय. बॅटरी ३१ टक्के आहे आणि कड्यावर येऊन उभं राहिलं तरच रेंजची एक काडी दिसते. संध्याकाळी नर एल्कला (हरणाच्या कुळातलं, सांबरापेक्षा मोठं जनावर) बाण मारला. लागला, नक्की लागला, आवाज ऐकला मी. साधारण ऐंशी पावलं रक्त मिळालं आणि मग एकदम बंद. दोनदा गोल फिरून आलो, काही नाही. आता मिट्ट काळोख झालाय. प्रश्न एकच: हेडलॅम्प लावून आत्ता शोधू की सकाळपर्यंत थांबू? इथे धनुष्यबाणाने शिकार करणारे दोघं-तिघं आहेत हे मागच्या एका धाग्यावर वाचलं होतं, म्हणून इथे विचारतोय. शिकार करावी की नाही हा वाद आज नको. तीन वर्षं या एका बाणासाठी घालवलीत आणि ते जनावर माझ्यामुळे कुठेतरी तडफडतंय. लवकर सांगा.

लाँगमाँटकर
राज्य कुठलं? बाण किती वाजता मारला? नेमका कुठे लागला? बाण सापडला का, आणि त्यावर काय आहे? लागल्यावर एल्क उधळला की चालत गेला? रात्रीचं तापमान किती उतरेल? एवढं कळेपर्यंत जो कुणी "जा" किंवा "थांबा" म्हणेल त्याचं ऐकू नका.

बोझमनचा_बापू
जा. आत्ता जा. सप्टेंबरात एल्क कातड्यासकट रात्रभर पडला तर मांडीच्या हाडापाशी मांस आंबतं. एवढं मोठं धूड, आतली ऊब बाहेरच पडत नाही. मी दोन वर्षांपूर्वी "थांब थांब" ऐकून थांबलो आणि सकाळी मागचे दोन्ही फरे टाकून द्यावे लागले. वर ग्रिझली अस्वलाला वास लागला तर सकाळी तुमच्या एल्कवर तोच बसलेला असेल.

धनुर्वेडा
राज्य कोलोरॅडो. जागा सांगणार नाही, माफ करा. सहा वाजून वीस मिनिटांनी मारला, ३८ यार्डांवरून. आडवा उभा होता, खांद्याच्या मागे नेम धरला होता, बाण आरपार गेला. बाण तेव्हाच उचलून भात्यात ठेवला. त्यात आता काय बघायचं? मला पुढचं सांगा.

लाँगमाँटकर
पुढचं सगळं त्या बाणावरच लिहिलेलं आहे. बाहेर काढा आणि उजेडात नीट बघा. गुलाबीसर, फेसाळ, बुडबुड्यांचं रक्त असेल तर फुप्फुस. तसं असतं तर तो ऐंशी पावलांच्या थोडा पुढेच पडलेला मिळाला असता. काळपट लाल असेल तर यकृत. हिरवट चिकटा असेल, चारा कुजल्यासारखा वास असेल, तर पोट. पिसांचा वास घ्या. आणि तो कसा गेला हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

बापू, कोलोरॅडोत ग्रिझली नाहीत. काळी अस्वलं आहेत.

मंगळवेढेकर
ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं पातं, कुठलं होतं? लागल्यावर उघडणारं असणार. मी कधीपासून सांगतोय, एल्कवर उघडणारी पाती वापरू नका. बरगडीला लागून एक पातं उघडलं नाही की रक्त असंच थांबतं. मी १२५ ग्रेनचं एकसंध पातं वापरतो, ७० पौंडांचं धनुष्य, एकही जनावर पन्नास यार्डांपुढे गेलेलं नाही.

लाँगमाँटकर
मंगळवेढेकर, पात्याचा वाद पुढच्या हंगामाआधी घालू. पोटात लागलेल्या बाणाचं रक्त कुठल्याही पात्याने थांबतं.

धनुर्वेडा
बघितला. रक्त काळपट आहे. एका पिसावर हिरवं काहीतरी वाळलंय आणि वास आहे, घाण वास. बाण लागल्यावर तो उधळला नाही. पाठीची कमान केली, वीस-पंचवीस पावलं चालला, थांबला, मागे वळून बघितलं आणि उताराने खाली दाट झाडीत गेला. मला वाटलं घाबरला नाही म्हणजे चांगलंच आहे. रात्री तापमान दोन-तीन डिग्री सेल्सिअसपर्यंत उतरेल. पहाटे चारनंतर पाऊस दाखवतायत. म्हणूनच घाई आहे, रक्त धुऊन गेलं तर काय करू?

लाँगमाँटकर
पाठीची कमान करून चालत जाणं ही पोटाची खूण. यकृताची कड आणि जठर दोन्ही फाटलं असावं. आडवा होता म्हणता, पण बहुतेक थोडा तुमच्याकडे तोंड करून तिरका असणार: बाण खांद्यामागे शिरला आणि पोटातून बाहेर पडला. हा एल्क मरणार हे नक्की, पण त्याला वेळ लागतो. नुसतं यकृत असेल तर चार तास, पोट असेल तर आठ ते बारा. त्याला कुणी हुसकावलं नाही तर तो दोन-चारशे यार्डांत बसतो आणि बसल्या जागी संपतो. तुम्ही रात्री त्याच्या अंगावर गेलात तर उठेल, दरी ओलांडेल, आणि मग रक्तही नसेल, एल्कही नसेल. दोनदा गोल फिरलात तिथेच खरं तर थांबायला हवं होतं.

आणखी एक. अंधारात तो जिवंत सापडला तर काय कराल? सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बाण मारायची वेळ संपते. दिव्याच्या उजेडात दुसरा बाण मारणं बेकायदा आहे.

शेवटचं रक्त जिथे दिसलं तिथे फांदीला चिंधी बांधा, फोनच्या नकाशावर खूण करा आणि तंबूत या. सकाळी सहाच्या आत तिकडे फिरकू नका.

बोझमनचा_बापू
आणि पाऊस? रक्त धुऊन गेल्यावर कुठे शोधणार? तुम्ही मांसाचा विचारच करत नाही आहात.

लाँगमाँटकर
करतोय. दोन-तीन डिग्रीची रात्र आहे. वीस डिग्रीची असती तर मीही वेगळं बोललो असतो. थोडं मांस जाईल, कबूल. उठवला तर सगळंच जाईल, आणि तोही उगाच आणखी दोन दिवस हाल सोसून मरेल.

पुण्याची_डॉक्टर
मला शिकारीतलं काही कळत नाही, पण तुम्ही एकटे आहात का? किती उंचीवर? अंगावरचे कपडे घामाने ओले आहेत का? बॅटरी संपल्यावर मदत कशी मागणार?

धनुर्वेडा
एकटाच. दहा हजार पाचशे फूट. सकाळपासून डोकं दुखतंय, पण ते नेहमीचंच. उपग्रहावरून संदेश पाठवायचं यंत्र आहे, बायकोला रोज रात्री "ठीक आहे" पाठवतो. आज पाठवायचं राहिलं.

पुण्याची_डॉक्टर
मग आधी ते पाठवा. मग कोरडे कपडे, गरम पाणी आणि काहीतरी पोटात. डोकेदुखी वाढली, ओकारी आली किंवा चालताना तोल जायला लागला तर एल्क तिथेच सोडून खाली उतरायचं, रात्र असली तरी.

सखी_सिअ‍ॅटल
अवांतर आहे, पण विचारते. माझा नवरा एच-वन-बीवर आहे. त्याला बंदूक घेता येत नाही असं ऐकलं. मग धनुष्य चालतं का?

मंगळवेढेकर
चालतं. केंद्राच्या कायद्यात धनुष्य हे बंदुकीसारखं शस्त्र धरत नाहीत. तात्पुरत्या व्हिसावर बंदुकीला मनाई आहे, आणि शिकारीचं लायसन्स असेल तर त्यातूनही सूट आहे, पण ते वकिलाला विचारूनच करा. शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम मात्र हवाच. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. सलग सहा महिने राहिलं की राज्याचा रहिवासी धरतात आणि लायसन्स खूप स्वस्त पडतं. धनुष्याने एल्क मारायचं लायसन्स रहिवाशांना बऱ्याच भागांत सरळ दुकानात मिळतं. हरणासाठी सगळ्यांनाच सोडतीत नाव घालावं लागतं, तेही एप्रिलच्या सुरुवातीला. तुमच्या राज्याचे नियम वेगळे, ते बघून घ्या.

नर्मदाकाठ
धागाकर्त्याने वाद नको म्हटलंय तरी गप्प बसवत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे ती उगाच नाही. एका जिवाला रात्रभर यातना देऊन वर मांस आंबेल याची चिंता? वाचून झोप उडाली माझी.

लाँगमाँटकर
तुमची तळमळ समजते, आणि आज रात्री तो एल्क माझ्याही डोळ्यांसमोर आहे. पण कोलोरॅडोतले एल्क शंभर वर्षांपूर्वी जवळजवळ संपले होते, बाजारात मांस विकणाऱ्यांनी संपवले होते. वायोमिंगहून आणून पुन्हा सोडले. आज अमेरिकेत सगळ्यांत जास्त एल्क याच राज्यात आहेत. १९३७ च्या कायद्याने बंदुकांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, पुढे तो धनुष्यबाणांवरही आला. आज धनुष्यावर ११ टक्के आहे. तो पैसा आणि लायसन्सचा पैसा वन्यजीवांकडे जातो. भारताची गोष्ट वेगळी आहे आणि तिथली बंदी मला मान्य आहे. याच्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येईन.

कोकटूचा_म्हातारा
मेळघाटात वनरक्षक होतो, आता निवृत्त. शिकारीचं मला ठाऊक नाही, पण जखमी सांबरं शोधलीत, डॉक्टरला दाखवायला. आमच्यासोबतचे कोरकू वॉचर जे शिकवायचे ते सांगतो.

रक्त जमिनीवर शोधू नका. जखम बरगडीला आहे, तुमचं जनावर सांबरापेक्षा मोठं आहे, म्हणजे डाग तुमच्या छातीच्या उंचीवर असतील. दोन झाडांमधून जाताना अंग घासतं. खोडाची आणि फांद्यांची जनावराकडची बाजू बघा. पोटाच्या जखमेला आतली चरबी आणि चारा बूच मारतो, म्हणून रक्त थांबतं. रक्त थांबलं याचा अर्थ जनावर बरं झालं असा नाही. वाट सोडून, बाजूने चाला. माग तुडवला की गेला. माग तुटला तर पाण्याकडे जा, पोटात लागलेल्याला तहान लागते. आणि उजाडल्यावर आधी अर्धा तास नुसतं बसून ऐका. कावळे आधी सांगतात.

दिव्याच्या उजेडात लाल पान आणि रक्त सारखंच दिसतं, म्हणून रात्री जाऊ नका.

धनुर्वेडा
काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. थांबतो. खाली एक ओढा आहे नकाशावर, तो गेला त्याच बाजूला. बॅटरी १४.

दिलीप_ह्यूस्टन
सापडल्यावर खाली आणायला दोन चाकांची गाडी मिळते, माझ्याकडे आहे. एका फेरीत बरंच मांस उतरतं.

मंगळवेढेकर
राखीव वाइल्डरनेस असेल तर चाक चालत नाही, गाडी नाही आणि सायकलही नाही. १९६४ चा कायदा आहे. पाठीवर, नाहीतर घोड्यावर.

लाँगमाँटकर
धनुर्वेडा, जागा इथे नका सांगू, मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. हाडं काढूनसुद्धा शंभर किलोच्या आसपास मांस निघेल, एकट्याने ते उतरवता उतरवता दुपार होईल आणि ऊन लागेल. मी पहाटे तीनला निघतो. मांसाच्या जाळीदार पिशव्या माझ्याकडे सहा आहेत.

धनुर्वेडा
व्यनि केला. काय बोलू.

(दुसरा दिवस)

बोझमनचा_बापू
काही कळलं का? माझ्या इथे सकाळचे अकरा वाजलेत.

पुण्याची_डॉक्टर
मीही दर तासाला बघतेय.

धनुर्वेडा
ट्रकपाशी आलोय, पहिली फेरी झाली. सापडला.

पाच वाजता पाऊस आला, अर्धा तास पडला आणि जमिनीवरचं सगळं गेलं. चिंधीपाशी साडेसहाला पोचलो आणि काकांनी सांगितलं तसा बसून राहिलो. कावळे नव्हते. मग खोडं बघत निघालो. तिसऱ्या स्प्रूसच्या झाडाच्या आतल्या बाजूला, फांद्यांच्या छपराखाली, माझ्या छातीच्या उंचीवर तळहाताएवढा काळा डाग होता. पावसाने तिथे हातच लावला नव्हता. त्यानंतर पाऊण तास काही नाही. मग ओढ्याकडून मॅगपाय (कावळ्याच्या कुळातले पक्षी) ओरडायला लागले. ओढ्यापासून दहा पावलांवर पडला होता, पाय ताठ झालेले. शेवटच्या रक्तापासून जेमतेम चारशे यार्ड. गवत एकाच ठिकाणी दबलेलं होतं, म्हणजे तिथे बसला तो उठलाच नाही. रात्री माझं दुसरं फिरणं त्याच्यापासून दीडशे यार्डांवर थांबलं होतं. नकाशावर मोजलं आणि हात कापायला लागले.

बाण कसा गेला तेही बघितलं. लाँगमाँटकर म्हणाले तसंच: तिरका होता, मी आडवा समजलो. एका फुप्फुसाच्या टोकाला निसटता, यकृताची कड, मग जठर. नर्मदाकाठ, तुमचं वाचलं. त्या रात्रीचं ओझं माझ्यावर आहे, ते मी नाकारत नाही.

बापू, जमिनीकडच्या बाजूचा मागचा फरा हाडापाशी आंबला होता, तेवढा भाग कापून काढावा लागला. पाठीच्या कण्याखालच्या आतल्या मऊ मांसाच्या पट्ट्यांनाही पोटाचा वास होता, त्या गेल्या. बाकी तीन फरे आणि पाठीचं मांस स्वच्छ आहे, थंड आहे, सावलीत टांगलंय.

बोझमनचा_बापू
मला तेच भय होतं. पण चारशे यार्डांत मिळाला, म्हणजे थांबलात ते बरं केलंत. माझा त्या वेळी मिळाला तो सव्वा मैलावर, आणि आता आठवतंय, मी रात्री दहाला एकदा बघायला गेलो होतो.

कोकटूचा_म्हातारा
डाग पावसापासून आडोशालाच मिळतो. बरं झालं.

लाँगमाँटकर
दुपारी एकला पोचलो, आता आम्ही दोघंही इथेच आहोत. एल्क नर होता हे दाखवणारी खूण एका फऱ्यावर जागच्या जागी ठेवलीय, लायसन्सचा टॅग सही करून बांधलाय.

मंगळवेढेकर
डोकं तपासणीला देणार ना? हरणांना आणि एल्कना होणारा मेंदू झिजवणारा आजार याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला १९६७ मध्ये पहिल्यांदा दिसला होता. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण तपासणीत सापडलं तर मांस खाऊ नका असंच तज्ज्ञ सांगतात. निकाल येईपर्यंत मांस वेगळं खूण करून गोठवा, कुणाला वाटू नका.

धनुर्वेडा
डोकं अजून वरच आहे, दुसऱ्या फेरीत आणतो. पश्चिमेला ढग भरून येतायत, निघतो.